दुबार पेरणी

आमच्या लातूर-नांदेडकडच्या गावांत दुसरं लग्न ही काही नवलाची गोष्ट नाही. प्रत्येक भावकीत म्होतूर लागलेली एखादी चुलती असते, एखादा बिजवर मामा असतो, काडीमोड होऊन माहेरी आलेली आणि पुन्हा दुसरीकडं नांदायला गेलेली एखादी बहीण असते. पण हीच गावं ज्या कादंबऱ्यांत आली, त्यांत दुसऱ्यांदा जीव लावलेली माणसं शोधायला गेलो की हाताला फारसं काही लागत नाही. दुष्काळ सापडतो, सावकार सापडतो, बांधावरून फुटलेली डोकी सापडतात. दुसरा घरोबाही सापडतो, पण तो सोय म्हणून. लेकरांना आई पाहिजे असते, म्हाताऱ्याला भाकर थापून घालणारी पाहिजे असते. त्या बाईला तो माणूस आवडला होता का, हे विचारायला लेखक थांबत नाही. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती ज्या पुस्तकांवर मी वाढलो त्यांच्याबद्दल आहे.

इंग्रजीत या गोष्टीचं वेगळं दुकानच मांडलेलं आहे. नवरा गेलेली किंवा नवऱ्यानं सोडलेली बाई शहरातून बापाच्या शेतावर परत येते. शेजारच्या रानात एकेकाळचा सोबती असतो, काहीतरी गैरसमज होऊन तुटलेला. पहिल्या शंभर पानांत रुसवा, पुढच्या शंभरात जुन्या आठवणी, शेवटी दोघं एकत्र. आमच्या भाचीच्या फोनात अशा कितीतरी गोष्टी आहेत आणि ती त्या वाचून मनापासून रडते. रडण्याला मी नावं ठेवत नाही. पण या पुस्तकांत पाऊस पडतो तो दोघांना एका छपराखाली उभं करायचं असतं म्हणून. पिकाला पाणी पाहिजे म्हणून तो कधी येत नाही. गाय आटत नाही, बी वांझ निघत नाही, बँकेची नोटीस आली तर ती दोन पानांत मिटते. शेत म्हणजे नाटकातला मागचा रंगवलेला पडदा. अशा शेतावर जुळलेलं प्रेम शेतकऱ्याला खरं वाटत नाही, कारण ते शेतच त्याला खरं वाटत नाही.

या सगळ्या गोष्टींच्या किती तरी आधीची एक कादंबरी मात्र खरी आहे. थॉमस हार्डीची 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड', १८७४ सालची. गॅब्रिएल ओक हा मेंढरं राखणारा तरुण. उधारीवर दोनशेच्या आसपास मेंढ्या घेऊन स्वतःचा धंदा मांडलेला. तो बॅथशीबा नावाच्या मुलीला मागणी घालतो, ती नाही म्हणते. पुढं एका रात्री त्याचं नवशिकं कुत्रं सगळी मेंढरं हाकलत नेतं आणि ती खाणीच्या कड्यावरून खाली पडून मरतात. विमा नाही. देणं फेडल्यावर अंगावरचे कपडे तेवढे उरतात. तिकडं बॅथशीबाला चुलत्याच्या मागं मोठी शेती मिळते आणि हाच गडी तिच्याकडं चाकरीला लागतो. ती लग्न करते ते ट्रॉय नावाच्या देखण्या शिपायाशी. तो पैसा उडवतो, तिला सोडून जातो, शेवटी मारला जातो. आणि पुस्तकाच्या अगदी शेवटी बॅथशीबा आणि गॅब्रिएल एकत्र येतात.

एवढं सांगितलं तर ही गोष्टही भाचीच्या फोनातल्या गोष्टीसारखीच वाटेल. फरक आहे तो एका रात्रीचा. सुगी झालेली, खळ्यात गव्हाच्या पाच आणि सातूच्या तीन गंजी उघड्या, आणि आभाळ भरून आलेलं. ट्रॉयनं लग्नाच्या आनंदात सगळ्या गड्यांना दारू पाजलेली, तेही लोळतायत आणि मालकही. गॅब्रिएल एकटा गंजी झाकायला चढतो. गंजीत पैसा किती आहे, याचा हिशोब तो मनात करतो. विजा पडायला लागतात. थोड्या वेळानं बॅथशीबा येते आणि पेंढ्या वर द्यायला लागते. त्या गंजीवर, विजांच्या उजेडात, ती आपण ट्रॉयशी लग्न का केलं ते त्याला सांगून टाकते. प्रेमाचा एक शब्द नाही. मला विचाराल तर सगळ्या पुस्तकातला प्रेमाचा प्रसंग तोच.

हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. ऑक्टोबरात सोयाबीन काढून गंजी लावलेली असते आणि परतीचा पाऊस येतो. मध्यरात्री ढग गडगडले की घरातली सगळी माणसं ताडपत्री घेऊन रानात पळतात. ताडपत्रीचं दुसरं टोक धरायला जे माणूस अंधारात येतं, ते आपलं. नवरा असो, दीर असो, नाहीतर शेजारचा. हार्डीनं त्या रात्रीत हेच पकडलंय. माणूस गोड बोलतो का, हे पाहून बॅथशीबानं एकदा फसगत करून घेतली होती. दुसऱ्यांदा तिनं गंजीचं दुसरं टोक कोण धरतो, ते पाहिलं.

ही गोष्ट मी एकदा आमच्या तात्यांना सांगितली. तात्या चौथी शिकलेले, पण गोष्ट ऐकायला पहिल्यापासून हौशी. सगळं ऐकून झाल्यावर त्यांचा पहिला प्रश्न आला, "रान कुनाच्या नावावर हुतं म्हनलास?"

मी म्हणालो, "चुलत्यानं कौलानं केलेलं होतं तात्या. त्याच्यामागं ती करायली."

"आन् ह्यो गडी?"

"आधी मेंढका, मग तिच्याच शेतावर कारभारी."

"मंग सालगड्यानं मालकिनीला मागनी घातली तर गाव गप बसतंय व्हय? आधी त्याचं सोताचं काहीतरी व्हाया पायजे."

हार्डीला हे ठाऊक होतं. म्हणून शेवटाकडं येता येता गॅब्रिएलला शेजारच्या शेताची देखभाल मिळते, उत्पन्नात वाटा मिळतो, ते शेत कौलानं घ्यायची बोलणी होतात. मगच लग्नाचा विषय निघतो. तात्यांचा प्रश्न मला त्या कादंबरीवरची चांगली टीका वाटते. शेतकऱ्यांच्या गोष्टीत जमिनीचा हिशोब चुकला तर प्रेमाचाही चुकतो.

आता आपल्याकडं वळू. १८५७ साली बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' आलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. तिची नायिका यमुना विधवा होते, ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि दुसरं लग्न करते. म्हणजे मराठी कादंबरीची सुरुवातच दुसऱ्या लग्नापर्यंत जाऊन पोचली होती. पण पदमनजींचा डोळा धर्मावर आणि समाजसुधारणेवर. विधवांचं केशवपन, घरातली छळणूक हे त्यांना मांडायचं होतं आणि ते मांडणं गरजेचंच होतं. हा प्रश्न मुख्यतः पांढरपेशा घरांचा होता. कुणब्याच्या घरात पाट लावायची रीत त्याआधीपासून होती, त्यामुळं सुधारकांना तिथं लिहिण्यासारखं काही दिसलं नाही.

त्यानंतर शंभरेक वर्षांनी खेडं कादंबरीत आलं. आधी आलं ते मोटेच्या पाण्याचं, हिरव्या चुड्याचं, लाजणाऱ्या पाटलाच्या पोरीचं. ते वाचून खेड्यातलीच माणसं हसायची. मग आमच्याच भागातून लिहिणारे उभे राहिले आणि त्यांनी तो रंग खरवडून काढला. रा. रं. बोराडे हे लातूर तालुक्यातल्या काटगावचे. त्यांची 'पाचोळा' १९७१ साली आली. गावातल्या शिंप्याची बायको सगळी गोष्ट सांगते, आपल्या उस्मानाबाद-लातूरकडच्या बोलीत. नवरा हट्टी, काळ बदललेला, आणि घराचा खरोखर पाचोळा होतो. ती बाई काय काय सोसते, हे वाचताना पुस्तक खाली ठेवावं लागतं. पुढं सदानंद देशमुखांची 'बारोमास' आली, तिला २००४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यात शेतीच्या ओढाताणीत एकनाथ आणि अलका यांचा संसार उसवत जातो.

ही मोठी पुस्तकं आहेत. माझा आक्षेप त्यांच्या खरेपणावर नाही. पण खोटं खेडं फेकून देताना त्याच्याबरोबर प्रेमही फेकलं गेलं. प्रेम म्हणजे सिनेमातलं, शहरातलं, पोट भरलेल्यांचं, असं लिहिणाऱ्यांच्या मनात बसलं. ज्याला गावाची साक्ष द्यायची आहे, त्यानं हौसेची गोष्ट सांगितली तर साक्ष कच्ची ठरेल, ही भीतीही असणार. परिणाम असा झाला, की आमच्या कादंबरीतली बाई सोसते, झिजते, वेडी होते, मरते. पण पुन्हा कुणावर जीव लावत नाही. गो. नी. दांडेकरांच्या 'जैत रे जैत'मधली चिंधी तेवढी पहिला नवरा सोडून आपल्या आवडीच्या नाग्याकडं उघड येते. १९७७ साली जब्बार पटेलांनी त्यावर सिनेमा केला, तो आमच्या गावोगावी पाहिला गेला. पण ती ठाकरांची गोष्ट, डोंगरातली, आणि शेवटी चिंधीही मरते. दुसरा डाव मांडून जिवंत राहिलेली शेतकऱ्याची बाई आम्हाला कुणी दाखवलीच नाही.

गावात मात्र ती होती. आमच्या एका चुलत आत्याचं म्होतूर लागलं, ते रात्री. मांडव नाही, वाजंत्री नाही, हळद नाही. घरातल्या सवाष्णींना समोर यायची मनाई. चार माणसांच्या देखत पाट लावला आणि उजाडायच्या आत तिला बैलगाडीत बसवून दिलं. ही एका घरची गोष्ट नाही. पाट अंधारातच लावायचा, अशीच रीत होती. पुढं काही घराणी उच्चपणाच्या नादात तेवढंही बंद करून बसली. आत्या म्हणायची, "पैल्या लग्नात मला काय बी कळत न्हवतं, तवा सगळं गाव नाचलं. दुसऱ्या टायमाला मला समदं कळत हुतं, तवा कुत्रं बी भुकलं न्हाई." त्या दुसऱ्या घरी तिनं चाळीस वर्षं काढली. मामा तिला बाजारातून आठवणीनं शेवचिवडा आणायचे. आम्ही पोरं त्यावरून तिला चिडवायचो आणि ती लाजायची, साठीतसुद्धा.

इथं पुन्हा हार्डी आठवतो. गॅब्रिएल आणि बॅथशीबाचं लग्नही गुपचूपच लागतं. धुक्याच्या ओल्या सकाळी, कुणाला न सांगता, छत्र्या घेऊन दोघं चर्चकडं जातात. पण तसं लग्न त्यांना स्वतःला पाहिजे असतं. आणि त्याच दिवशी संध्याकाळी गावातले लोक आपली जुनीपानी वाद्यं आणि तोफ घेऊन त्यांच्या दारात आनंद करायला येतात. आत्याच्या अंधारात आणि बॅथशीबाच्या धुक्यात हाच फरक आहे. एक लोकांनी लादलेला, एक आपण मागून घेतलेला. आत्याच्या दारात वाजवायला कुणी आलं नाही. ती वाजंत्री कादंबरीनं वाजवायला हवी होती.

यात जमिनीचा गुंता आहेच. इंग्रजांनी १८५६ साली विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्यानं मान्यता दिली, पण त्याच कायद्यात लिहून ठेवलं, की दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क सुटला. आपला मुलूख तेव्हा निजामाचा, तो कायदा आपला नव्हता. पण भावकीचा कायदा तोच होता. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानं नवऱ्यामागं बाईला मिळालेली जमीन तिच्या पूर्ण मालकीची केली. तरी आजही वारसाचा फेरफार होऊन सातबाऱ्यावर तिचं नाव चढलं, की दिराची नजर बदलते. ती दुसरीकडं गेली तर रान जाईल, ही धास्ती. म्हणून मग "लेकरांकडं बघ" असं म्हणतात. लेकरांकडं ती बघतच असते. बघायला सांगणाऱ्याचं लक्ष बांधाकडं असतं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सरकारी आकडा ७,९२८ माणसांचा. पन्नासावर गावं मातीत गेली, नव्या जागी नव्यानं बसवावी लागली. त्यानंतर जी लग्नं झाली, त्यांबद्दल बोलायला आपण अजून कचरतो. बायको गमावलेले पुरुष, नवरा गमावलेल्या बाया, एकेका घरात दोन मोडक्या घरांची लेकरं. मुलं गमावलेल्या बायांवर गर्भनलिका पुन्हा जोडण्याच्या शस्त्रक्रियासुद्धा झाल्या. पुरुषांची लग्नं लवकर झाली, बायांची मागं राहिली, हे तिकडचं कुणीही सांगेल. पत्र्याच्या शेडात, एकमेकांची मेलेली माणसं माहीत असलेले दोघे जण पहिल्या रात्री काय बोलले असतील? एवढ्या एका प्रश्नात कादंबरी आहे. त्या मानानं इंग्रजी गोष्टींतला गैरसमज म्हणजे पोरखेळ.

आणि आपल्या लोकांना अशी गोष्ट चालत नाही, असं कुणी म्हणू नये. लोहा तालुक्यातल्या माळेगावला दर मार्गशीर्षात खंडोबाची जत्रा भरते. गुरं, घोडी, उंट, तमाशा, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथं जमणारे सोयरेधायरे. त्या खंडोबाची आवडती गोष्ट कोणती? घरी म्हाळसा असताना देव धनगराच्या बाणाईवर भुलला, आणि तिच्यासाठी तिच्या वाड्यावर मेंढरं राखायला राहिला. वाघ्या-मुरळी ती गोष्ट रात्रभर गातात आणि माणसं रात्रभर ऐकतात. हार्डीचा नायक मेंढका आणि आपला देवही बाणाईपायी मेंढका झालेला! दुसऱ्यांदा जीव लावणं आपल्या लोकांना देवाच्या ठायी गोड वाटतं, पुरुषाच्या ठायी चालतं. अडतं ते बाईपाशी. म्हाळसेला किंवा बाणाईला दुसरा डाव मागायची सोय त्या गाण्यात नाही. ती सोय करणं हे कादंबरीचं काम होतं.

हे मी का सांगत बसलोय? आमच्या नात्यातली एक लेक आहे. तिशीही ओलांडली नाही, नवरा वारला, दोन लेकरं, थोडं रान. पेरणी-फवारणीला मदत करणारा एक माणूस आहे, त्याचीही बायको वारलेली. गाव बोलायला लागलं. घरच्यांनी तिला विचारलं, तुला कमी काय आहे? तिनं उत्तर दिलं, "भाकरीची ददात न्हाई मला. बोलायला कुनी न्हाई." घरात कुणालाच यावर काय बोलावं ते सुचलं नाही. सोसण्याबद्दल बोलायला आमच्याकडं शंभर शब्द आहेत. पुस्तकांनीही तेच शिकवलंय. पण "मला बोलायला माणूस पाहिजे" असं म्हणणाऱ्या बाईला बसायला जागा देईल, अशी एक गोष्ट आमच्याजवळ नव्हती. तशी गोष्ट वाचलेली असती तर घरचे लगेच राजी झाले असते, असं मी म्हणत नाही. पण तिला खाली मान घालून ते म्हणावं लागलं नसतं.

अशी कादंबरी कुणी लिहिलीच तर मी काय बघेन? मृगाचा पाऊस झाला, माणसानं चाड्यावर मूठ धरली, बी उगवलं आणि मग वीस दिवस आभाळ कोरडं गेलं, तर कोंभ करपतात. मग दुबार पेरणी. तिला लाज नसते. गावात कुणी म्हणत नाही, की एकदा पेरलंस ना, आता गप बस. पण ती पहिल्यासारखीही नसते. बी उधारीवर आणावं लागतं. मूग-उडदाची वेळ निघून गेलेली असते, मग सोयाबीन, तूर, तीळ, जे उशिरा चालेल ते घ्यावं लागतं. उतारा कमी पडतो. आणि तिफणीमागं मोघा धरून चालणाऱ्या बाईला माहीत असतं, की याच मातीत महिन्याभरापूर्वीचं बी मरून पडलंय. दुसऱ्या प्रेमाच्या कादंबरीनं हा सगळा हिशोब मांडावा. उधारी किती, वेळ किती गेलेली, कोणतं पीक आता येणार नाही, कोणतं येऊ शकतं. मेलेलं माणूस घरातून गेलेलं नसतं, तेही तिथं असू द्यावं. सातबारा कुणाच्या नावावर, हे पहिल्या वीस पानांत कळावं. आणि एवढं करून बाईला शेवटी जिवंत ठेवावं, दिवसाउजेडी.

बोराडे सरांच्या पहिल्या कथासंग्रहाचं नाव 'पेरणी', १९६२ सालचं. पुढं 'मळणी' आली, 'वाळवण', 'राखण' आली. शेतकऱ्याच्या वर्षातली एकेक कामं त्यांनी पुस्तकांच्या नावांत आणली. त्या ओळीत एका नावाची जागा मोकळी आहे. लिहायला घेतलेल्या पोरापोरींनी, विशेषतः पोरींनी, ती बघून ठेवावी.